अण्णांची वाटणी

अण्णा आहेत. हे आधीच सांगते, कारण पुढे मी सगळीकडे 'म्हणायचे', 'करायचे' असंच लिहिणार आहे आणि वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको. सांगलीत विश्रामबागला त्यांच्या घरी ते आहेत. सकाळी उठतात, काकू त्यांची दाढी करून देतात, मग पोर्चमध्ये उन्हाला खुर्ची टाकून बसतात. पण मला ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे तो त्या खुर्चीत नसतो. हे कसं मांडायचं ते मला नीट कळत नाही. परीक्षेतले निबंध आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अहवाल सोडला तर मी आजवर काही लिहिलेलं नाही.

मी म्हसवडची. वडील फौजेत हवालदार होते, निवृत्त झाल्यावर साताऱ्यात एका बँकेत वॉचमन म्हणून लागले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. सांगलीला इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा आईने सिद्धनाथाला नारळ फोडला आणि मला एवढंच सांगितलं की तिथं कुणापुढं दबून राहू नको. मी वर्षभर दबूनच राहिले. वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. तोंड उघडलं की 'हाय' आणि 'न्हाई' बाहेर पडेल आणि मागच्या बाकावरची मुलं हसतील, अशी धास्ती असायची.

कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक कागद चिकटवलेला होता. हाताने लिहिलेला. 'संगणकाची एखादी भाषा येणाऱ्यांनी यावे. न येणाऱ्यांनीही यावे. रविवारी दुपारी तीन. जेवण सूर्यास्तापूर्वी.' खाली पत्ता. माझी रूममेट म्हणाली, हे नक्की काहीतरी प्रवचन असणार. मला पायथन थोडं येत होतं, पण खरं सांगायचं तर मी जेवणासाठी गेले. रविवारी संध्याकाळी होस्टेलची मेस बंद असायची.

रूममेटला बरोबर घेतलं होतं. काकूंनी दार उघडलं आणि वरच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे साठीच्या आसपासचे एक ठेंगणे गृहस्थ, दोरी बांधलेला चष्मा गळ्यात अडकवून, लोखंडी कपाटाच्या दारावर खडूने काहीतरी लिहीत उभे होते. मागे न बघताच त्यांनी गाव विचारलं. म्हसवड म्हटल्यावर त्यांनी विचारलं, यंदा तिकडं पाऊस झाला का? मी घाईत "न्हाई झाला" म्हणून गेले आणि जीभ चावली. त्यांनी कपाटावर एका कोपऱ्यात लिहिलं: म्हसवड – न्हाई. मग वळून म्हणाले, "आतापतूर जो आला त्यो 'फारसा नाही' म्हणाला. फारसा म्हंजे किती, काय कळतंय काय? तू बरोबर सांगितलंस, अक्का."

त्या दिवसापासून मी त्यांची अक्का झाले. त्यांच्याहून चाळीस वर्षांनी लहान मुलीला ते अक्का म्हणायचे आणि त्यात त्यांना काही वावगं वाटायचं नाही.

त्यांचं काम काय होतं ते सांगायला हवं. तासगावकडच्या काही द्राक्षबागांमध्ये खांबावर एक छोटी पेटी बसवलेली असते. ती हवेतला दमटपणा, तापमान आणि पानं किती वेळ ओली राहिली ते मोजते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पानं फार वेळ ओली राहिली की दावण्या हा रोग पडतो आणि घड हातचे जातात. म्हणून ही माहिती वेळेवर मिळणं महत्त्वाचं. पेट्यांची माहिती एका सर्व्हरवर जमा व्हायची आणि ती सगळ्यांना खुली होती. कुणीही यावं, घ्यावी, आपलं ॲप करावं. पण एखादा माणूस पायथनमध्ये काम करतो, एखादा जावामध्ये, एखादा जावास्क्रिप्टमध्ये. प्रत्येकाला त्याच्या भाषेत ती माहिती आणून देणारा एक छोटा प्रोग्राम लागतो. त्याला क्लायंट म्हणतात. अण्णांकडे असे तीन क्लायंट होते आणि त्यांचा सगळा कोड इंटरनेटवर उघडा ठेवला होता, कुणीही वाचावा आणि सुधारावा म्हणून. कोड जिथे ठेवतात त्या जागेला सगळे रेपो म्हणतात. अण्णा 'घर' म्हणायचे.

आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. दुसऱ्याने लिहिलेला कोड उघडण्याआधी ते पडद्याकडे बघून "येऊ का?" असं म्हणायचे. आम्ही हसायचो. ते एक क्षण थांबायचे आणि मगच उघडायचे.

पूर्वी ते पुण्यात एका कंपनीत होते. परत का आलात असं विचारलं की सांगायचे, ऑफिस सुटायच्या आत दिवस मावळायचा, मग उपाशी झोपायला लागायचं. ते जैन, सूर्यास्तानंतर पाण्याशिवाय काही घेत नसत. काकू म्हणायच्या, डबा न्यायला काय झालं होतं? त्यावर त्यांचं म्हणणं असं की जेवण घरात जेवायचं असतं, डब्यातनं खाणं म्हंजे नुसतं पोट भरणं. नोकरी सोडायला एवढं कारण कुणाला पुरेल, मला माहीत नाही. त्यांना पुरलं.

माझ्या वडिलांना हे प्रकरण पटत नव्हतं. पगार नाही, पावती नाही, रविवारी कुणाच्या घरी जायचं आणि फुकट काम करायचं. एकदा ते साताऱ्याहून मुद्दाम आले. मी घाबरून बाजूला बसले. अण्णांनी त्यांना कोडबिड काही दाखवलं नाही. दोघं सियाचेनच्या बर्फावर आणि म्हसवडच्या मेंढरांवर बोलत राहिले. निघताना वडिलांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "माणूस सरळ हाय. जात जा तू."

दुसरे नेहमी येणारे म्हणजे तासगावचे बापू. पंचेचाळिशीचे, शेती-औषधांचं दुकान, स्वतःची बाग, आणि जावास्क्रिप्ट कुठल्याशा व्हिडिओंवरून शिकलेले. पहिल्यांदा त्यांनी अण्णांचा पायथनमधला कोड ओळीला ओळ लावून जावास्क्रिप्टमध्ये आणला होता. चालत होता तो. अण्णांनी परत पाठवला. म्हणे, हे पायथनच आहे, फक्त कपडे बदलून आलंय. जावास्क्रिप्टची माणसं ज्या रीतीने बोलतात तसं लिहून आण. बापू आठवडाभर रुसले. मग सगळं नव्याने लिहून आले आणि जिन्यातूनच ओरडले की आता यात काय खोट निघाली तर मी औषधंच विकत बसतो. अण्णांनी वाचलं. खोट निघाली. बापू औषधं विकत बसले नाहीत.

तिसरा माणूस आम्ही कुणी प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. चिली देशातला एक द्राक्षवाला. त्याला हा कोड कुठेतरी सापडला, त्याने तिकडे पेट्या लावल्या आणि जावाचा क्लायंट तोच बघू लागला. अण्णा त्याला आधी मराठीत लिहायचे, मग खाली इंग्रजीत. हळूहळू त्याच्या निरोपांच्या शेवटी देवनागरीत 'बरं' येऊ लागलं. कधी 'लय बरं'.

तेव्हा हे तिन्ही क्लायंट एकाच घरात, म्हणजे एकाच रेपोमध्ये, तीन फोल्डर करून ठेवलेले होते. याच्यावरून बापू आणि अण्णांचं दर रविवारी वाजायचं. बापूंचं म्हणणं, प्रत्येक भाषेचा रेपो वेगळा करा. माझ्या जावास्क्रिप्टमधला एक स्वल्पविराम बदलायचा तर त्या चिलीवाल्याचं जावा कशाला अडकून बसतंय? सगळ्यांची आवृत्ती एकदमच का निघायला पाहिजे? अण्णांचंही चुकीचं नव्हतं. सर्व्हरच्या उत्तरात काही बदललं तर एका घरात तिन्ही खोल्या एकदम नीट करता येतात. वेगळं झालं की एकजण विसरतो आणि माहिती चुकीची जाते. पण अण्णांचं खरं कारण वेगळं होतं, ते काकूंनी मला भाकरी करता करता सांगितलं. अण्णांच्या वडिलांनी, अप्पांनी, शेताची वाटणी फार उशिरा केली. तोवर वडिलांचं डोकं जागेवर राहिलं नव्हतं. सकाळी एकाला सांगायचे विहिरीकडचं रान तुझं, दुपारी दुसऱ्याला. प्रत्येक भावाकडे वडिलांचा शब्द होता. एका बांधावरून चौघं भाऊ बोलायचे बंद झाले ते अजून बंदच आहेत. त्यामुळे वेगळी चूल हा शब्द अण्णांसमोर काढला की ते खडू खाली ठेवायचे आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहायचे.

मी तिसऱ्या वर्षाला होते त्या हिवाळ्यात ते घडलं. छाटणी होऊन बागा फुटल्या होत्या आणि पहाटे धुकं पडत होतं. बापूंचा सकाळी फोन आला. बागायतदारांच्या मोबाइलवर काहीच दिसत नाही, कोरं येतंय. दोन दिवस लोकांना वाटलं की रेंज नसेल, म्हणून कुणी बोललं नाही. मी होस्टेलवर लॅपटॉप उघडला. आमच्या घरात जुना कोड होता. वर्षाहूनही आधीचा. त्यानंतर आम्ही तिघांनी जे जे केलं होतं ते नाहीसं झालं होतं. कुणीतरी जुनी प्रत आणून नव्यावर जबरदस्तीने बसवली होती, आणि आमच्याकडे घरात काही बदललं की नवी आवृत्ती आपोआप बाहेर पडायची, ती सगळ्या ॲपमध्ये पोचली होती. तिच्यात सर्व्हरचा पत्ता जुना होता. तो पत्ता केव्हाच बंद झाला होता. तिन्ही भाषा एका घरात, म्हणून तिन्ही एकदम बसल्या.

अशी प्रत बसवायचा हक्क एकट्या अण्णांकडे होता.

बापू तासगावहून मोटारसायकलवर आले, मी चालत गेले. अण्णा वरच्या खोलीत होते आणि चांगले खुशीत होते. म्हणाले, घरात लय पसारा झाला होता, परवा सकाळी बसून नीट लावला. बापूंनी अगदी हळू विचारलं, सर्व्हरचा पत्ता कुणी बदलला?

"मीच. कुणीतरी भलताच घातला होता," अण्णा म्हणाले. "आपला सर्व्हर कॉलेजच्या खोलीत हाय न्हवं?"

कॉलेजने ती खोली वर्षापूर्वी काढून घेतली होती. ते यंत्र अण्णांनी स्वतः रिक्षात घालून घरी आणलं होतं आणि ते त्यांच्याच टेबलाखाली, त्यांच्या पायाशी होतं. बापूंची नजर नकळत तिकडे गेली. बापू कुठे बघतायत म्हणून अण्णांनीही खाली पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. मग वाकून त्याच्यावरची धूळ बोटाने पुसली.

"हे इथं कवा आलं?"

बापूंनी खुर्ची पुढे ओढली आणि त्यांना बसवलं.

माझ्या लॅपटॉपवर ताजी प्रत होती, त्यामुळे दुपारपर्यंत सगळं पूर्ववत झालं. बापूंच्या स्वतःच्या बागेत काही ओळींवर दावण्या पडला होता. ते त्यांनी अण्णांना कधीच सांगितलं नाही, मलाही नंतर दुसऱ्याकडून कळलं. त्या दिवशी जिना उतरताना काकूंनी मला थांबवलं. गणपतीच्या आधी त्या त्यांना मिरजेला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या होत्या. विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार, थांबायचा नाही, असं सांगितलं होतं. कुणाला सांगू नको अशी अण्णांनीच त्यांना शपथ घातली होती. "त्यांना वाटतंय, कामातनं काढतील," काकू म्हणाल्या. मी म्हटलं, कोण काढणार? त्यांचंच तर काम आहे.

पुढच्या रविवारी अण्णांनी आम्हाला बोलावलं आणि स्वतःच सगळं सांगितलं. काही आडपडदा न ठेवता, एखाद्या प्रोग्राममधला दोष सांगावा तसं. मग म्हणाले, वाटणी करायची. तिघांचे तीन रेपो, तीन मालक.

गंमत अशी की इतकी वर्षं वेगळं करा म्हणून भांडणारे बापूच आडवे आले. आवं अण्णा, कशाला वाटणी, राहू द्या एकत्र, आमी हाय न्हवं बघायला, असं काय काय बोलत राहिले. त्यांचा आवाज चढला होता. अण्णांनी त्यांना पूर्ण बोलू दिलं.

"बापू, गड्या, एका घरात ऱ्हायलो तर माझ्या एका चुकीनं तिन्ही जात्यात. ते बघितलंस तू. अन् तुमी मला 'हात लावू नका' म्हणणार न्हाई. लाजंपोटी म्हणणार न्हाई. आमच्या अप्पांनाबी कोण म्हणालं न्हाई." मग म्हणाले, "मला अजून कळतंय तवर करू या."

त्यानंतरचे काही आठवडे मी सकाळचे तास बुडवून त्यांच्याकडे जात होते, कारण सकाळी त्यांचं डोकं साफ असायचं. तीन फोल्डर उचलून तीन नव्या रेपोंमध्ये टाकणं सोपं होतं, मी ते एका दुपारी केलं असतं. अण्णांनी करू दिलं नाही. नुसता कोड नेला तर तो कुणी, कधी, कशासाठी लिहिला हे मागेच राहतं. प्रत्येक घराबरोबर त्याचा पूर्ण इतिहास गेला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. बापूंचा तो परत पाठवलेला पहिला प्रयत्नसुद्धा. आणि एक चौथा, छोटा रेपो त्यांनी सामाईक ठेवला. सर्व्हरला हा प्रश्न विचारला की हे उत्तर आलं पाहिजे, अशा नमुन्यांचा. तिन्ही क्लायंट आपापल्या परीने लिहा, पण नवी आवृत्ती काढण्याआधी या नमुन्यांवर घासून बघा. आणि या नमुन्यांत बदल करायचा तर निदान दोघांची संमती लागेल. कपाटावर त्यांनी तीन चौकोन काढले आणि मध्ये एक गोल. गोलात लिहिलं, विहीर. भावा-भावांत रान वाटतात, विहीर वाटत नाहीत, पाण्याच्या पाळ्या लावतात.

कधी मध्येच त्यांचा धागा तुटायचा. खडू हातात, आणि समोरचे चौकोन कशाचे ते आठवत नाही. मी काही बोलायचे नाही. चौकोनात भाषांची नावं परत गिरवत बसायचे. मग ते म्हणायचे, "व्हय, व्हय," आणि पुढे चालू.

वाटणीच्या दिवशी काकूंनी पुरण घातलं होतं. आमच्याकडे रीत अशी की थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, म्हणजे थोरला वाटे सारखे करतो. अण्णा म्हणाले, तसंच करायचं. चिलीवाला पडद्यावर होता, तिकडे पहाट होती, डोक्यावर गवती टोपी. त्याला त्याचं वय विचारलं तेव्हा तो गोंधळला. अण्णांनी त्याला इंग्रजीत ही रीत समजावून सांगितली, त्याला ती फार आवडली आणि त्याने आपलं वय दोनदा सांगितलं. सर्वांत धाकटी मी निघाले.

पायथनचा क्लायंट अण्णांचा स्वतःचा, सर्वांत आधीचा. तो मागावा की नाही, कळेना. पण मला येत होतं ते पायथनच. मी तेवढंच म्हणाले. अण्णांनी कपाटावर चौकोनात 'अक्का' लिहिलं. मग चिलीवाल्याची पाळी. बापूंनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते, कारण त्याने जावास्क्रिप्ट उचललं असतं तर रीतीप्रमाणे काही बोलता आलं नसतं. त्याने जावा घेतलं. बापूंनी एवढ्या मोठ्याने श्वास सोडला की तो चिलीत ऐकू गेला असावा, कारण चिलीवाला हसला.

"अण्णा, आई-बापाचा वाटा असतोय," बापू म्हणाले. "पोटापुरतं रान ठेवत्यात. तुमचं कुठं हाय?"

"मला नगं. आता माझं नाव काढा."

म्हणजे प्रत्येक घराच्या नव्या मालकाने अण्णांचा हक्क काढून टाकायचा. त्यानंतर त्यांना त्या कोडला हात लावता आला नसता; कुठल्याही परक्या माणसासारखी बाहेरून सूचना पाठवायची आणि मालकाने ती घ्यायची किंवा नाकारायची. चिलीवाल्याने मान खाली घातली आणि काहीतरी दाबलं. बापू फोन आल्यासारखं करून जिन्यात गेले. मला नंतर कळलं की त्यांनी ते तासगावला जाऊन, दुकान बंद करून केलं.

मी अण्णांच्या शेजारी बसले होते. यादीत दोन नावं होती, त्यांचं आणि माझं. त्यांच्या नावापुढे दाबलं की यंत्र विचारतं, नक्की काढायचं का?

"अण्णा, राहू दे की," मी म्हणाले. "मी लक्ष ठेवीन."

"किती दिवस ठेवशील? तुला नोकरी लागंल, लगीन हुईल. दाब, अक्का."

"माझ्याच्यानं न्हाई हुयाचं."

"मग माझा हात धर अन् दोघं दाबू."

त्यांचा हात धरावा लागला नाही. मी दाबलं. एक नाव उरलं. ते पडद्याकडे जरा बघत राहिले, मग चष्मा खाली सोडला आणि म्हणाले, चला, दिवस मावळायच्या आत जेवून घेऊ.

त्यानंतर ते खरंच बाहेरून सूचना पाठवू लागले. पहिली आली तेव्हा मी ती दोन दिवस तशीच ठेवली. त्यांच्या कामावर हो किंवा नाही म्हणणारी मी कोण? त्यांचा फोन आला. म्हणाले, दारात माणूस उभा करून ठेवू नये. घे, न्हाईतर न्हाई म्हण, पण का ते लिही. मी घेतली. सुरुवातीच्या सूचना चांगल्या असायच्या, माझ्या चुका त्यांतून कळायच्या. मग एकच सूचना पुन्हा येऊ लागली. मग नीट असलेलं ते मोडून परत नीट करू लागले. प्रत्येक वेळी मी कारण लिहून नाकारत गेले. तीच कारणं, जरा वेगळ्या शब्दांत, म्हणजे त्यांना वाईट वाटू नये. प्रत्येक वेळी त्यांचं उत्तर यायचं: बरोबर आहे. मग सूचना यायच्या थांबल्या. मी रोज सकाळी उघडून बघायचे. अजून बघते.

शेवटच्या वर्षी परीक्षेच्या दिवसांत एकदा संध्याकाळी गेले होते. दिवे लागले होते. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून काकूंना म्हणत होते, भूक लागलीय, आज जेवायला दिलं न्हाईस. ते जेवले होते. आयुष्यभर अंधार पडल्यावर त्यांनी घास घेतला नव्हता. काकूंनी खिडकीचा पडदा ओढला, त्यांना पाटावर बसवलं आणि केळं सोलून दिलं. मला म्हणाल्या, "त्यांना कळत न्हाई, म्हंजे त्यांचं काय न्हाई. जे लागायचं ते मला लागू दे." अण्णा केळं खात होते, लहान मूल खातं तसं, मन लावून.

आता मी साताऱ्यात एका छोट्या कंपनीत आहे, वडिलांजवळ राहते. पायथनचा क्लायंट अजून माझ्याकडे आहे. आई म्हसवडला बायकांना सांगते, पोरगी नोकरी करून वर एक घर सांभाळती. कुणाचं विचारलं की तिला सांगता येत नाही. बापू आणि चिलीवाला आता थेट एकमेकांशी बोलतात. सर्व्हरच्या उत्तरात मध्ये एकदा बदल करावा लागला. दोघांनी संमती दिली, तिघांनी आपापलं नीट केलं, एका आठवड्यात निभावलं. हे अण्णांना सांगावं असं फार वाटलं.

दिवाळीनंतर एसटीने सांगलीला गेले. अण्णा पोर्चमध्ये होते. मला त्यांनी ओळखलं नाही, पण बसा म्हणाले, कुठलं गाव म्हणून विचारलं. मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवून पायथनचा कोड उघडला. का, ते सांगता येणार नाही. वाटलं, बघतील. त्यांनी गळ्यातला चष्मा लावला. बोट ओळीवर ठेवून वाचू लागले, ओठ हलत होते. किती समजत होतं, देव जाणे. पण बराच वेळ वाचलं.

"चांगलं ठेवलंय," ते म्हणाले. "कोण बघतंय हे?"

"मी बघते."

"आधी कुणाचं हुतं?"

"तुमचं, अण्णा."

त्यांनी मान हलवली. मला वाईट वाटू नये अशा बेताने, हसून. "न्हाई ओ. माझं असतं तर मला ठावं असतं." मग जरा विचार करून, "तुमच्याकडं कसं आलं?"

"वाटणीत आलं."

त्यांच्या चेहऱ्यावर काळजी आली, अगदी ओळखीची, खिडकीपाशी उभे राहायचे तेव्हाची. माझ्याकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "मग भांडणं लय झाली असतील?"

"न्हाई, अण्णा. कोण भांडलं न्हाई."

"कोणच?"

"कोणच न्हाई. सगळे बोलत्यात एकमेकांशी."

"झ्याक," ते म्हणाले. "असं कुठं ऐकलं नव्हतं." आणि लॅपटॉप मिटून, दुसऱ्याची वस्तू देतात तसा दोन्ही हातांनी त्यांनी तो मला परत दिला.